स्थिरस्थावर मुलांचे जनक

माझे धाकटे दीर सरकारच्या बालसंगोपन खात्यात आकडेवारी शाखेचे प्रमुख होते, असं सांगितलं की लोकांच्या चेहऱ्यावर एकदम आदर पसरतो. देशभरातली किती मुलं परक्या घरी सांभाळायला ठेवली आहेत, किती दत्तक जायची वाट बघताहेत, किती गेली, याचा हिशेब हा माणूस ठेवतो म्हणजे केवढं कोमल अंतःकरण असेल त्याचं! पूर्वी मी लोकांना तसं वाटू द्यायची. घरचं माणूस, कशाला उगाच. आता मात्र वाटू देत नाही. कुणी विचारलं की बसवून घेते, चहा देते आणि सगळं सांगते.

भाऊजींची हुशारी लहानपणापासूनचीच. माझा नवरा सांगतो, हा परीक्षेत नापास झाला की घरी येऊन म्हणायचा, "सहापैकी पाच विषयांत पास." वडिलांनी सहाव्याचं विचारलं की म्हणायचा, "तो यंदा धरलेला नाही." वडील पोट धरून हसायचे. तिथंच दोन रट्टे बसले असते तर पुढं पुष्कळ मुलांचं भलं झालं असतं, असं माझं स्पष्ट मत आहे. पण धाकटा, त्यातून गोरागोमटा, म्हणून लाडावलेला. माझ्या नवऱ्यानं मात्र शाळा सोडली आणि गाद्या शिवायला बसला, म्हणून धाकट्याचं कॉलेज झालं. नवऱ्यानं हे कधी बोलून दाखवलं नाही, आणि भाऊजींनी ते कधी मोजलं नाही.

शब्दाची व्याख्या विचारल्याशिवाय भाऊजी कुठल्याही प्रश्नाचं उत्तर देत नसत. सासूबाई आजारी असताना मी फोनवर म्हटलं, "आज काही जेवल्या नाहीत." तर पलीकडून, "काही नाही म्हणजे अजिबात नाही, की नेहमीपेक्षा कमी?" जाऊबाई कंटाळून सहा-सहा महिने माहेरी राहायच्या, त्याला भाऊजी 'तात्पुरतं स्थलांतर' म्हणायचे. शेवटी त्या कायमच्याच गेल्या, तरी कितीतरी वर्षं ते तात्पुरतंच होतं.

त्यांच्या कचेरीत मी पहिल्यांदा गेले तेव्हा बघतच राहिले. टेबलावर काच, काचेवर टोक काढलेल्या पेन्सिली एका ओळीत, आणि समोरच्या भिंतीवर माणसाच्या उंचीचा तक्ता. त्यावर एक निळी रेघ. ती रेघ म्हणजे देशातली दत्तकाची वाट बघणारी मुलं. रेघ खाली उतरली की साहेब खूश, वर चढली की साहेबांच्या कपाळाला आठ्या. एवढ्या मोठ्या खोलीत एकाही मुलाचा फोटो नव्हता. मी विचारलं तर म्हणाले, "फोटो लावले की कर्मचारी भावनिक होतात, वहिनी. मोजणीवर परिणाम होतो." उभ्या नोकरीत ते एकाही बालगृहात गेले नाहीत. कारण तेच, परिणाम होतो म्हणे. मुलांच्या वासानं माणसाला बाधा होते अशी त्यांची समजूत असावी.

आता गोटीबद्दल सांगते, कारण तिच्यावाचून ही गोष्ट नुसती चेष्टा होईल.

आम्हाला मूल नव्हतं. खात्याची एक योजना आहे, आईबापांपासून तुटलेलं मूल आपल्या घरी वाढवायचं. पण ते आपलं नव्हे, खात्याचं. आपण नुसते प्रतिपालक. गोटी आली तेव्हा सहा वर्षांची होती आणि आमचं तिचं चौथं घर. डोकं गोल गरगरीत, म्हणून माझ्या नवऱ्यानं पहिल्याच दिवशी गोटी नाव ठेवलं. ती मला मावशी म्हणायची. खात्यानंच तसं शिकवलं होतं, प्रत्येक घरातली बाई ती मावशी. पहिले कितीतरी महिने तिचे कपडे बॅगेतच असायचे. कपाट दिलं होतं, पण उघडायच्या आधी विचारायची. पाणी पिऊ का, दिवा लावू का, खिडकीशी बसू का, सगळं विचारून. नवऱ्याच्या दुकानात फोमचे तुकडे पडलेले असत, त्यांचा ढीग करून त्यात बसायची, पण तेही विचारून.

मग एके दिवशी माझ्याशी भांडली आणि खोलीत जाऊन धाडकन दार आपटलं. मी चिडले. नवरा मात्र हातातलं काम टाकून हसत आला. म्हणाला, "अगं, आपटलं! परक्या घराचं दार कुणी असं आपटतं का?" त्या संध्याकाळी आम्ही दोघांनी ठरवलं की हिला दत्तक घ्यायचं. तिच्या जन्मदात्या आईचा हक्क संपल्याचा निकाल लागायचा होता, तोवर थांबणं भाग होतं. निकाल लागला, गोटी अधिकृतपणे दत्तकाची वाट बघणाऱ्यांत आली, आणि आम्ही कागदपत्रं गोळा करायला लागलो.

नेमक्या त्याच सुमारास भाऊजींची रेघ वर चढली. मंत्र्यांनी साहेबांना झापलं, साहेबांनी भाऊजींना. रविवारी आमच्याकडे जेवायला आले ते तोंड एवढंसं करून. गोटी माझ्या नवऱ्याच्या खांद्याला रेलून त्याला ऐकवत होती की सोफ्याचं कापड त्यानं वाकडं कापलंय. मी कौतुकानं म्हटलं, "बघा भाऊजी, कशी रुळलीय. आता हिला इथून कुणी हलवून दाखवावं!"

भाऊजींचा घास हातातच राहिला. "रुळलीय म्हणजे कधीपासून म्हणाल, वहिनी?"

"दोन वर्षं तरी झाली असतील."

"दोन वर्षं," ते स्वतःशीच म्हणाले. "आणि तक्रार काही नाही?"

"तक्रार कसली? दारं आपटते तेवढीच."

त्यांनी हात धुतला आणि जेवण अर्धवट टाकून गेले. मला वाटलं, पोट बिघडलं. पोट कसलं बिघडतंय! माझ्या स्वयंपाकघरातून ते एक कल्पना उचलून घेऊन गेले होते.

पुढच्या अहवालात एक नवा वर्ग अवतरला, 'स्थिरस्थावर बालके'. जे मूल दोन वर्षं एकाच प्रतिपालक घरात आहे आणि ज्याच्याबद्दल तक्रार नाही, ते स्थिरस्थावर. आणि स्थिरस्थावर मूल वाट बघत नसतं, म्हणून त्याला वाट बघणाऱ्यांत धरायचं नाही. झालं! रेघ अशी घसरली की तक्ता खाली वाढवावा लागला असता. हजारो मुलं एका रात्रीत वाट बघायची थांबली. त्यातल्या कुणाला आई मिळाली नव्हती की बाप मिळाला नव्हता. मंत्र्यांनी भाषण केलं, वर्तमानपत्रांनी छापलं, भाऊजींना काचेचं एक सन्मानचिन्ह मिळालं. ते दाखवायला आमच्याकडे आले. गोटीनं हातात घेऊन बघितलं आणि विचारलं, "काका, हे कशाबद्दल?" म्हणाले, "तुमच्यासारख्या मुलांबद्दल." आम्ही मूर्खासारखे टाळ्या वाजवल्या.

आमचा अर्ज परत आला तेव्हा डोळे उघडले. खिडकीमागची बाई चष्म्यावरून बघत म्हणाली, "ही मुलगी दत्तकासाठी उपलब्ध नाही. स्थिरस्थावर आहे." नवऱ्याला आधी हसूच आलं. तो म्हणाला, "अहो, आमच्याच घरी स्थिर आहे, आम्हीच मागतोय." बाई म्हणाली, "उपलब्ध नसलेलं मूल कुणालाच मागता येत नाही, तुम्हालाही नाही." मग कळलं की दत्तक कक्षाचे लोक आपली यादी भाऊजींच्या मोजणीवरूनच काढतात. जे मूल मोजलं नाही, ते यादीत नाही.

मी तडक भाऊजींच्या कचेरीत गेले.

"वहिनी, आम्ही फक्त मोजतो," ते म्हणाले. "यादी त्यांची."

"ते कुठून काढतात?"

"आमच्या मोजणीतून."

"मग?"

"मग ती त्यांची पद्धत झाली. आमचा त्याच्याशी संबंध नाही."

"मला फक्त एक ओळ लिहून द्या. ही मुलगी दत्तकासाठी थांबलीय, एवढीच."

"एकीला दिलं की सगळ्यांना द्यावं लागेल," ते म्हणाले आणि त्यांची नजर माझ्या डोक्यावरून भिंतीवरच्या रेघेकडे गेली. त्या नजरेबद्दल मी त्यांना अजून माफ केलेलं नाही. मुद्दाम कुणाचं वाईट करणारा माणूस निदान समोर बघून करतो.

त्यात दुसरी पाचर बसली. प्रतिपालक पुरुष पंचावन्नच्या पुढं गेला की परवानगी संपते आणि मूल दुसऱ्या घरी हलवलं जातं. दत्तकाची वयोमर्यादा वेगळी होती, तीत आम्ही बसत होतो. पण दत्तक होत नव्हतं, आणि माझ्या नवऱ्याचा पंचावन्नावा वाढदिवस तोंडावर आला होता. म्हणजे गोटीचं पाचवं घर कुठलं, याचा विचार खात्यात सुरू झाला होता.

मग एक दिवस भाऊजी आपणहून दुकानात आले. चेहरा खुललेला. "तोडगा काढलाय, दादा! तिला काही महिने खात्याच्या वसतिगृहात पाठव. घर बदललं की स्थिरस्थावरपणा तुटतो, ती आपोआप प्रतीक्षेत येते. आली की लगेच तुम्ही अर्ज करायचा."

नवऱ्याच्या तोंडात गादीला मारायचे बारीक खिळे होते. ते त्यानं एकेक करून हातावर काढले. "म्हणजे तिला घर मिळावं म्हणून तिला घराबाहेर काढायचं?"

"कागदोपत्री रे."

"पोरगी कागदोपत्री जाणार आहे का? मधेच दुसऱ्या कुणी मागितली तर?"

"छे! एवढ्या मोठ्या मुलांना मागणी नसते," भाऊजी म्हणाले. पलीकडे फोमच्या ढिगात गोटी बसली होती. ते त्यांना दिसत होतं. पण मूल दिसणं आणि मूल तिथं असणं यांचा त्यांच्या डोक्यात कधी संबंधच आला नाही.

दुसरा काही मार्ग सुचत नव्हता. शेवटी त्या संध्याकाळी मी तिच्या पलंगावर बसले आणि समजावायला लागले, की थोडेच दिवस, नुसतं दाखवण्यापुरतं, मग आपण तुला कायमची घेऊन येऊ. तिनं सगळं शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, "मागच्या मावशीनं पण असंच सांगितलं होतं." उठली, पलंगाखालची बॅग ओढली आणि विचारलं, "शाळेची पुस्तकं पण न्यायची का?"

रडली असती तर मी समजूत घातली असती. तिला ते सगळं पाठ होतं, हेच मला सहन झालं नाही. ती बॅग मी तिच्या हातातून हिसकावली आणि दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याला देऊन टाकली. भाऊजींना निरोप पाठवला, तोडगा तुमच्यापाशीच ठेवा.

प्रकरण बालसमितीपुढं गेलं. लांबलचक टेबल, पाण्याचा जग, कुरकुरणारा पंखा आणि अध्यक्ष म्हणून एक निवृत्त न्यायाधीशबाई. आकडेवारी शाखेचं म्हणणं ऐकायला भाऊजींना बोलावलं होतं. ते नवा शर्ट घालून आले होते. एक वाक्य बोलायचं होतं त्यांना. 'हो, ही मुलगी थांबलेली आहे.' एवढं म्हटलं असतं की दत्तकाचा मार्ग मोकळा. आदल्या दिवशी नवरा त्यांच्याकडे जाऊन आला होता. उभ्या आयुष्यात त्यानं भावाकडे काही मागितलं नव्हतं, त्या दिवशी मागितलं. भाऊजी म्हणाले होते, "बघू या, दादा." म्हणून आम्हाला आशा होती.

बाईंनी विचारलं, "ही मुलगी दत्तकाची वाट बघते आहे का?"

भाऊजींनी आमच्याकडे पाहिलं. गोटीकडे पाहिलं. मग म्हणाले, "व्याख्येनुसार, नाही."

माझ्या नवऱ्यानं मान खाली घातली. खरं तर ती भावानं घालायची, घातली यानं.

"मग ती काय आहे?" बाईंनी विचारलं.

"स्थिरस्थावर."

"म्हणजे जिथं आहे तिथं ठीक असलेली, हलवायची गरज नसलेली?"

"अगदी बरोबर!" भाऊजी खुलले. एवढ्या मोठ्या बाईंना आपली व्याख्या समजली याचा कोण आनंद!

"मग हिला हलवायचं कुणी ठरवलं?"

भाऊजी समोरचे कागद उलटेपालटे करायला लागले. बाईंनी निकाल दिला, की स्थिरस्थावर मुलाला प्रतिपालकाच्या वयाच्या कारणावरून हलवू नये. पण व्याख्या बदलणं समितीच्या हातात नाही, ते खात्यानं बघावं. म्हणजे गोटी अठरा वर्षांची होईपर्यंत आमच्याकडे राहणार. पण आमची होणार नाही.

बाहेर आल्यावर भाऊजी धावत आले. "बघा वहिनी, झालं की नाही काम!" मी म्हटलं, "काम तुमच्या बोलण्यामुळं झालं नाही भाऊजी, तुमची फजिती झाली म्हणून झालं." त्यांनी ते मनाला लावून घेतलं नाही. का घेतील? समितीनं आपला वर्ग मान्य केला, असं त्यांनी वर कळवलं आणि पुढच्याच वर्षी बढती मिळवली. आमच्या पोरीच्या प्रकरणावर हा माणूस उपसंचालक झाला.

पुढची वर्षं कशी गेली ते सांगते. गोटीच्या शाळेची सहल समुद्रावर गेली, ही घरी राहिली, कारण खात्याची परवानगी सहल परत आल्यावर आली. एकदा तिचं पोट दुखायला लागलं, अपेंडिक्स निघालं. ती दवाखान्यात तळमळत होती आणि डॉक्टर मला म्हणत होते, "तुमची सही चालणार नाही." खात्यातला सहीवाला जेवायला गेला होता. मी फोनवर इतकी ओरडले की दवाखान्यातल्या दोन नर्सबाई मला धरायला आल्या. दर वर्षी पाहणीला माणूस यायचा, तिचा पलंग बघायचा, तिला विचारायचा, सुखी आहेस ना? आणि दर वर्षी मी दत्तकाचा अर्ज भरायची, दर वर्षी तो परत यायचा. भाऊजींना विचारलं की ठरलेलं उत्तर, "पुढच्या वर्षी पुनर्विचार आहे." त्या पुढच्या वर्षांवर त्यांनी अख्खी नोकरी काढली. आणि गोटी? ती हसतखेळत होती, अभ्यास करत होती, नवऱ्याकडून सोफ्याची शिवण शिकली होती. मी म्हणायची, जाऊ दे, कागद नसला तर नसला, पोरीला काय फरक पडतो.

गेल्या वर्षी ती अठरा वर्षांची झाली. खात्यातून मोकळी. सज्ञान माणसाला दत्तक घेता येत नाही, तेव्हा तोही प्रश्न मिटला. त्याच महिन्यात भाऊजी निवृत्त होणार होते. मिठाईचा पुडा घेऊन जेवायला आले. नाही म्हणायचं कसं, नवऱ्याचा भाऊ. मी वाढलं.

पहिलाच घास घेत म्हणाले, "अभिनंदन गोटी! बारा वर्षं एकाच घरात! आमच्या भाषेत याला यशस्वी निर्गमन म्हणतात. तुझ्यासारखी फार थोडी आहेत." मग मुद्द्यावर आले. त्यांचा निरोपसमारंभ होता, मंत्री येणार होते. "तू मंचावर येशील? पहिली स्थिरस्थावर मुलगी म्हणून ओळख करून देईन. दोनच शब्द बोलायचे. इथं सुखानं वाढले, दत्तक जायची कधी वाट बघावी लागली नाही. बस्."

गोटी पाणी ओतत होती. तिनं जग खाली ठेवला. आवाज चढवला नाही.

"काका, मी वाट बघत होते."

"अगं, कशाची? सगळं तर होतं तुझ्याजवळ."

"मावशी अर्ज देऊन यायची ना, तेव्हापासून रोज शाळेतून आले की मी चांगला फ्रॉक घालून बसायची. कुणीतरी येईल आणि सांगेल म्हणून. अर्ज परत आला की पुन्हा घरचे कपडे. दहावीपर्यंत करत होते. मग सोडून दिलं."

मला हे ठाऊक नव्हतं. मला वाटायचं, पोरीला नटायची हौस आहे. किती वेळा मी तिला त्यावरून चिडवलं होतं! नवरा ताटाकडे बघत बसला, त्याचे डोळे भरून आले होते.

भाऊजींनी हातातला घास ताटात ठेवला. मला वाटलं, आता तरी. माणूस म्हणून काहीतरी बोलतील, निदान गप्प बसतील.

"दहावीपर्यंत म्हणजे," ते म्हणाले, "नंतर थांबलीस ना? मग तसं बघितलं तर..." आणि पुढचा घास घ्यायला हात ताटाकडे नेला.

लग्न होऊन या घरात आल्यापासून मी माणसांना वाढते आहे. रागावलेल्यांना वाढलं, भांडून आलेल्यांना वाढलं, न आवडणाऱ्यांनाही पोटभर वाढलं. जेवत्या माणसापुढचं ताट मात्र त्या दिवशी पहिल्यांदा उचललं.